असोद्यातला युगांडा

धुळ्यात आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. बादल्या, पिंपं, घमेली, एवढंच काय, बायकोने लग्नात आणलेला आणि एरवी माळ्यावर असणारा पितळी हंडासुद्धा रांगेत उभा असतो, आणि मी हातात नळी घेऊन जलपूजनाला आलेल्या पालकमंत्र्यासारखा फिरत असतो. त्या सकाळी मी तसाच फिरत होतो आणि निलेशचा फोन आला. निलेश म्हणजे माझ्या मावसभावाचा, जळगावजवळच्या असोद्याच्या मधुभाऊंचा मुलगा. "काका, पप्पा गेले... सकाळी चहा घेतला, ओट्यावर टेकले, अन्..." पिंप भरून वाहायला लागलं, पाणी रस्त्यावर गेलं, समोरच्या काकू ओरडल्या, तरी मी नळी धरून तसाच उभा. डोक्यात मधुभाऊंचंच एक वाक्य फिरत होतं. "बापू, तिथली पोरं पिवळ्या कॅनमधी डोक्यावरून पानी आनतात, अन् तू खुर्चीवर बसून आठ आठ दिवस त्याची वाट पाह्यतो. सांग भो, पुढारलेला कोन?"

तिथली म्हणजे युगांडातली. मधुभाऊ दोन वर्षं युगांडात राहून आले होते आणि परत आल्यापासून त्यांच्या तोंडी हा एकच प्रश्न असायचा. लग्नात विचारत, दवाखान्यात विचारत, जळगावच्या बाजारात वांगी निवडताना विचारत. बसून विचारत नसत, फेऱ्या मारत विचारत. समोरचा माणूस मान इकडून तिकडे हलवून दमून जाई. शैलावहिनी म्हणायच्या, "ह्यांचं अंग आलं मागं, जीव कुठंतरी विमानातच राह्यला."

असोद्यात केळी सगळेच लावतात, पण मधुभाऊंची केळी पाहायला लोक यायचे. ठिबक त्यांनी लवकर आणलं, टिश्यू कल्चरची रोपं लवकर आणली. त्यांची बाग म्हणजे कवायतीला उभी राहिलेली तुकडी. एका दिवशी लावलेली, एका उंचीची, एकदम कापायला येणारी. साठीला टेकल्यावर त्यांनी शेती निलेशच्या हाती दिली आणि मोकळे झाले. आता मोकळं बसणं हा जगातला एकच उद्योग त्यांना जमत नव्हता. अशात कुणाच्या तरी ओळखीतून कळलं की युगांडात एका शेती प्रकल्पाला केळीतला जाणकार माणूस पाहिजे. घरात कुणाला काही समजायच्या आत पासपोर्ट आला. वहिनींनी शेव आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ बांधून दिलं. मी त्यांना इंग्रजी शिकवायचं अंगावर घेतलं. माझं स्वतःचं इंग्रजी बँकेच्या स्लिपपलीकडे गेलेलं नाही, पण घरात शिकलेला म्हणून माझा तोरा होता. पुढे त्यांचा तिकडून फोन आला, "बापू, तुझं इंग्रजी काई कामाले नाई आलं. नंदुरबारच्या बाजारात शिकलेलं गुजराती आलं. इथं दुकानदार बठ्ठे गुजराती!" त्यानंतर मी कुणाला इंग्रजी शिकवलेलं नाही.

तिथे ते ज्या गावात राहिले तिथे त्यांची घरमालकीण होती रोझ. आमच्या खानदानात या बाईला कुणी पाहिलेलं नाही, पण ती आम्हाला चुलत आत्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या घरामागे केळी होती. पहिल्याच दिवशी मधुभाऊंनी ती पाहिली आणि, त्यांच्याच शब्दांत, "डोकंच फिरलं भो!" एकेका बुंध्याशी तीन तीन केळी, एक मोठी, एक मधली, एक गुडघ्याएवढी. आपल्याकडे पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, अशी राहू दिली तर शेजारी येऊन विचारतील, घरात कुणी आजारी आहे का. पिलंच खत-पाणी खातात, घडाला वजन येत नाही. म्हणून ती उगवली की कापायची, हे असोद्यात शाळेत जायच्या आधी शिकवतात. मधुभाऊंनी विळा घेतला आणि रोझ चर्चमधून परत येईपर्यंत अर्धी बाग साफ करून टाकली. बक्षीस मिळावं अशा थाटात घाम पुसत उभे राहिले.

रोझ आली, पाहिलं, आणि खाली जमिनीवर बसली. ओरडली नाही. थोड्या वेळाने तिने एक कापलेलं पिलू उचललं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि जास्त करून हातांनी सांगितलं. ही मोठी, ही आई. हिचा घड आता खायचा. ही मधली लेक, हिचा घड पुढे. आणि ही धाकटी नात. आई घड देऊन पडली की लेक तयार, लेक पडली की नात. तिच्या सासूने लावलेली बाग होती ती, आणि तिच्यानंतर त्या घरात कधी कोणी केळी 'लावली' नव्हती की 'संपवली' नव्हती. "अन् म्या तिच्या नाती कापून टाकल्या रे बापू..." हे सांगताना मधुभाऊ थांबायचे. फेऱ्या मारणारा माणूस थांबला की खोलीत एकदम शांत व्हायचं. मग स्वतःच हसायचे. "अन् एवढं करून त्या बाईनं मले जेवाले वाढलं. कच्ची केळी पानात गुंडाळून वाफवलेली, वरून शेंगदान्याचा रस्सा. रस्सा तर डिट्टो आपला!" आतून वहिनींचा आवाज यायचा, "तिच्या हातचं गोड लागलं अन् हे पाघळले. मी चाळीस वर्षं वाढते, माझ्या रश्श्याचं नाव कधी कंपालापर्यंत गेलं नाही."

त्यांनी रोझला मोबाइलवर असोद्याच्या बागेचा फोटो दाखवला. ओळीच्या ओळी, माणसाच्या कमरेएवढे घड. ती बराच वेळ पाहत राहिली. तिला ते आवडलं, असा घड तिने जन्मात पाहिला नव्हता. मग तिने विचारलं, "एवढं सगळं कोण खातं?" मधुभाऊ म्हणाले, "दिल्ली." "आणि तुम्ही?" मधुभाऊंनी मोबाइल खिशात टाकला. कारण खरं उत्तर असं, की सत्यनारायणाला केळी लागली की आमचे मधुभाऊ मोटरसायकल काढून जळगावात गाडीवरून पिकलेली डझनभर विकत आणत. बागेतली सगळी हिरवी कापून ट्रकमध्ये भरून गेलेली असायची. मला हे ऐकून फार हसू आलं होतं. मग आठवलं, मी धुळ्यात राहतो आणि वर्षातून दोनदा केळी खातो, तीही डॉक्टरने सांगितली तर.

पण तिकडून आल्यावर मधुभाऊ काही तिकडचे भक्त होऊन आले नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण दहाव्याला जो तो "भाऊंना इकडचं काही आवडायचं नाही" असं बोलत होता. तसं नव्हतं. रोझच्या सुनेला कळा लागल्या त्या दिवशी पाऊस होता आणि लाल माती घसरत होती. दवाखान्यापर्यंत तिला मोटरसायकलवर नेलं, पुढे चालवणारा, मध्ये ती, मागे तिला धरून बसलेली रोझ. तिथे पोचल्यावर वीज नव्हती. बाळ वाचलं, सून वाचली, पण त्या दिवशी रोझच्या अंगणात एकट्याने किती चकरा मारल्या हे मधुभाऊ सांगायचे आणि त्यांचा आवाज बदलायचा. "असोद्याहून जळगाव किती लांब भो? पोरीले कळा आल्या तर गाडी दारात येते. हे म्या तिथं छाती ठोकून सांगे. अन् इथं आलो की मले रोझचं ताट दिसे." तिकडे ते विजेवर, नळावर, रस्त्यावर बोलून लोकांना दमवत. इकडे ताटावर, परसातल्या केळीवर, आणि संध्याकाळी एकमेकांच्या अंगणात बसणाऱ्या माणसांवर बोलून आम्हाला. दोन्हीकडचे लोक म्हणत असणार, याला काहीच पटत नाही.

आल्यावर त्यांनी घरामागे रस्त्याला लागून असलेल्या अर्ध्या एकरात रोझसारखी केळी लावली. आई, लेक, नात. ओळ नाही, ठिबक नाही, खाण्याच्या तीन-चार जाती कुठून कुठून आणलेल्या. गाव हसलं. त्या तुकड्याला 'भाऊंचा युगांडा' नाव पडलं. कुणी पत्ता विचारला तर लोक सांगत, युगांडाच्या अलीकडचं घर.

नेमकी तीच जागा निलेशला हवी होती. त्याला पॅकहाऊस बांधायचं होतं. केळी धुवायची, निवडायची, खोक्यात भरायची, थंड ठेवायची आणि थेट आखातात पाठवायची. त्याला कंटेनर वळेल असा रस्ता लागतो, आणि त्यांच्याकडे रस्त्याला लागून तेवढीच जमीन. निलेश हट्टी नाही, हावरा तर नाहीच. "काका, उन्हातान्हात केळी वाहणाऱ्या बायका सावलीत, पंख्याखाली काम करतील. हे पप्पांनाच पाहिजे होतं ना? सुधारणा, सुधारणा करत जन्म गेला त्यांचा." आणि हे खरं होतं. मधुभाऊ एक दिवस स्वतः टेप घेऊन पॅकहाऊसची जागा मोजायला लागत आणि दुसऱ्या दिवशी टेप लपवून ठेवत. शेवटी ते निलेशला म्हणाले, "मी आहे तोवर थांब." एवढाच त्यांच्यात करार झाला.

आमची शेवटची भेट त्याच केळीत झाली. उन्हाळा चढत होता, बाहेर डोळे उघडवत नव्हते, आत मात्र गारवा. मधुभाऊ पानांतून वाट काढत पुढे, मी धोतर नसूनही धोतर सांभाळल्यासारखा मागे. "बापू, तू चार बुकं शिकलेला. निलेश चुकीचा नाई. मी पन चुकीचा नाई वाटत मले. मग रात्री झोप कायले येत नाई?" मी शिकलेल्या माणसाचं तोंड केलं आणि म्हणालो, "भाऊ, दोन्हीचा समन्वय साधला पाहिजे." ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि एवढे हसले, एवढे हसले की त्यांना एका केळीला धरून उभं राहावं लागलं. "समन्वय! आरे हे तर सरपंच बी बोलतो!"

तेराव्यानंतर काही आठवड्यांनी मी परत असोद्याला गेलो. धुळ्याहून आता रस्ता असा गुळगुळीत झालाय की पारोळा, एरंडोल कधी मागे पडलं ते कळत नाही. पोचलो तर अंगणात निलेश, एक इंजिनिअर, आणि फक्कीची पिशवी. भाऊंच्या युगांडात पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. पाया कुठून कुठे जाणार ते जमिनीवर दिसत होतं, रेघ केळीच्या बुंध्यांमधून वाकडी न होता सरळ निघून गेली होती. निलेशने मला पाहिलं आणि उगाच पिशवीचं तोंड बांधायला लागला. "काका, पप्पांचा शब्द मी पाळला ना? ते होते तोवर विटेला हात लावला नाही." मी म्हणालो, "पाळलास रे." दुसरं काय म्हणणार? मनात मात्र चकरा सुरू झाल्या होत्या. हा आजार बहुतेक आमच्या रक्तात आहे.

तेवढ्यात शैलावहिनी मागच्या दाराने आल्या. भाऊ परत आल्यापासून या बाईने नवऱ्याच्या युगांडाची टिंगल केली. त्या रेघ ओलांडून आत गेल्या, एका केळीपाशी थांबल्या आणि वर लोंबणाऱ्या घडावर हात ठेवला. घड अर्धा भरला होता.

"निलेश, हा भरलेला नाही. ह्यांनी वाढवलेला आहे. एवढा उतरू दे, मग तुला काय करायचं ते कर."

इंजिनिअरने घड्याळात पाहिलं. निलेशने घडाकडे पाहिलं, मग खाली बुंध्याकडे, मग आईकडे.

"बरं," तो म्हणाला. "एवढा घड."

वहिनी आत गेल्या आणि चहा ठेवला. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईने महिना-दोन महिने मागून घेतले, बाकी काय... परतताना मी गाडीत हाच विचार करत होतो. पारोळ्याच्या अलीकडे कुठेतरी डोळ्यांसमोर ती केळ पुन्हा आली आणि मला दिसलं, तिच्या मागची मधली होती ना, तिचं कमळ, म्हणजे केळफूल, नुकतं बाहेर पडत होतं. वहिनींनी मागितलेला घड उतरेल तेव्हा या मधलीचा अर्धा भरलेला असेल. आणि तिच्या मागे गुडघ्याएवढी तिसरी उभी होतीच.

मी शेतीतला शून्य, म्हणून मला हे पारोळ्याजवळ कळलं. निलेश केळीत वाढलेला आहे. त्याला तिथेच, 'बरं' म्हणतानाच कळलं असणार.