फुलसिंगच्या घरची तूप पिणारी बंदूक

उमरखेडहून पैनगंगेच्या अंगाला उतरलं की बंजाऱ्यांचा तो तांडा लागायचा. तिथल्या फुलसिंगची ओळख करून द्यायची तर माणसाआधी बंदूक सांगावी लागे. शेतं पुष्कळांकडे होती, पण ठासणीची, तोंडातून दारू भरायची दुनळी बंदूक त्याच्या एकट्याच्या घरी. त्याचा आजा भीमसिंग मीठ आणि धान्य लादलेले बैल घेऊन मुलूखभर हिंडायचा, तेव्हाची ती. पुढे लदेणी बुडाली, बैल नांगराला जुंपले गेले आणि बंदूक खुंटीवर चढली.

खुंटीवर असली तरी तिचा थाट राणीचा. दसऱ्याला फुलसिंग तिला दोन्ही हातांनी उतरवून घेई. लोखंडाला करडईचं तेल, लाकडी दस्त्याला जवसाचं, पितळेच्या पट्टीला चिंच. सगळं अंग लखलखलं की शेवटी दोन्ही नळ्यांत पळीभर कढवलेलं तूप, आणि चापानं पडणाऱ्या घोड्याखालच्या छिद्रालाही तुपाचं बोट. हा नेम त्याच्या आईनं, हंसाबाईनं घातलेला. जिनं वाटेत घर राखलं, तिच्या तोंडी वर्षातून एकदा तरी घास पडावा, असं ती म्हणे. ती गेली, पण फुलसिंगनं घास कधी चुकवला नाही.

या घरात आणखी एक रीत होती. नवी सून उंबऱ्याशी आली की बंदुकीच्या तोंडाला कपाळ टेकवी. सासरा घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची चिमुकली टोपी बसवी आणि चाप ओढी. नळ्या रिकाम्या, त्यामुळे नुसती टोपी फट्‌ वाजे. त्या आवाजाला जी डोळे मिटणार नाही, ती या घरची लेक.

थोरली सून बसंतीबाई हिनं डोळे मिटले नव्हते. फुलसिंगला त्याचा इतका अभिमान की पाहुणा आला की तो प्रसंग वठवून दाखवी. सून तोच, बंदूक तोच, सासराही तोच. फक्त एक सल होता. त्या दिवशी आवाज उठला नाही. टोपी कशीबशी फुसकली आणि शेजारचा गुलाबसिंग म्हणाला, बंदुकीचे दात पडले.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात धाकट्या देवीलालचं लग्न ठरलं. नवरी बिजली. यंदा आवाज तांडाभर गेला पाहिजे, हे फुलसिंगनं मनाशी पक्कं केलं. बंदूक घोंगडीत गुंडाळून तो शेजारगावच्या रामरावांकडे गेला. रामराव कपाशीचे मोठे शेतकरी, फुलसिंगचे जुने दोस्त. रानडुकरांसाठी त्यांच्याकडेही बंदूक होती, त्यामुळे त्यांना त्यातलं कळे.

रामरावांनी बंदूक उन्हात धरली, दस्त्यावरून बोट फिरवलं, घोडे हलवून पाहिले. लाकूड सुरेख राखलंस म्हणाले. बाजारात मात्र हिला शेवया पाडायलाच कोणी घेईल. फुलसिंग हसला. टोपी बसते तिथलं, ठिणगी आत जायचं छिद्र तुपानं बुजलंय, सुईनं मोकळं करून द्या, एवढंच त्याचं मागणं. उद्या सून येणार होती.

रामरावांनी सुई घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवली. आधी बंदुकीचं तोंड बांधाकडे वळवलं. नळ्यांखालचा लांब गज काढून डाव्या नळीत सोडला. तुपाच्या थराखाली तळाशी ठण्‌ वाजलं. मग उजवीत सोडला. धप्प. गज डावीपेक्षा चार बोटं वरच अडला.

"तूप थिजलं असन," फुलसिंग म्हणाला.

 गजाच्या टोकाला चिंधी ओढून काढायचा पेच लावून रामराव एका बाजूनं, अंग चोरून, हळूहळू फिरवू लागले. आधी तुपाचा पिवळा गोळा आला. मग चिंधी आली, तांड्यातल्या बायांच्या घागऱ्याच्या निळ्या कापडाची, तिला आरशाचा एक तुकडा टाचलेला. चिंधीमागून छर्रे घरंगळले. मग दुसरी चिंधी. आणि शेवटी काळी भुकटी, कोरडी ठणठणीत.

"फुलसिंग, हे कोनं भरली?"

"कोनंच नाई. आमच्या घरात हे रिकामीच हाये."

रामरावांनी चिमूटभर भुकटी दूर दगडावर ठेवली आणि लांब काडीनं निखारा लावला. भक्कन जाळ उठला. तुपाच्या झाकणाखाली दारू लोणच्यासारखी टिकली होती.

 लहानपणी आईनं सांगितलेलं फुलसिंगला आठवलं. लदेणीच्या वाटेवर उजवी नळी सदा भरलेली असायची. परतताना तांडा दिसला की आजा ती आभाळात झाडायचा. आवाज ऐकून बाया चुली पेटवायच्या. शेवटच्या खेपेला आजा तापानं वाटेतच गेला. बैलाच्या पाठीवरून त्याची मयत आली. रडारडीत बार काढायचं कोणाला सुचणार?

त्या भरल्या नळीला त्यानं वर्षानुवर्षं पाजलं होतं. आणि त्याच नळीवर बसंतीचं कपाळ होतं. चापावरचं बोट त्याचं होतं. छिद्र तुपानं बुजलं नसतं तर? तेच छिद्र मोकळं करायला तो आज आला होता.

रामरावांनी उजवी नळी साफ पुसून बंदूक परत दिली. 

घरी पोचला तेव्हा बसंतीबाई अंगण सारवत होती. घुंगट वर करून तिनं बंदुकीकडे पाहिलं, मग सासऱ्याच्या तोंडाकडे. फुलसिंगची नजर तिच्या कपाळावरच्या गोंदणावर खिळली. इतकी वर्षं त्यानं हा प्रसंग नाचून दाखवला होता. आज खांबाला धरून, तुटक तुटक, सगळं सांगितलं.

बसंतीबाईचा शेणाचा हात तसाच राहिला. दारात तिची दोन्ही लेकरं खेळत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बापू," ती म्हणाली, "इतके दिवस मले वाटे, तुमी मले लेक केली. त्या तुपानं केली."

फुलसिंगनं मान खाली घातली. हे खोटं नव्हतं.

"बंदूक नदीत फेकतो," तो म्हणाला.

"काहून? तिचा काय गुन्हा? बिजलीचं मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी वरात दारी आली. बसंतीबाईनं बंदूक आपल्या हातात घेतली, तोंड आभाळाकडे. नवरीच्या हाती गज दिला आणि दोन्ही नळ्यांत सोडायला सांगितलं. बिजलीनं डावीत सोडला. ठण्‌. मग उजवीत.

ठण्‌.

 बिजलीनं वाकून दस्त्याला कपाळ टेकवलं आणि घरात पाऊल टाकलं. बसंतीबाई मात्र सासऱ्याकडे बघत उभी होती.

"बापू," घुंगटाआडून ती म्हणाली, "डोळे तुमी मिटले."

सगळा तांडा हसला. फुलसिंगनं डोळे उघडले, तेव्हा ते पाण्यानं भरलेले होते.