लग्नाच्या स्टँडवर पांढरं नव्हतं

परदेशी कंपनीचं दुकान लातुरात उघडलं त्या दिवशी पहिली भानगड झाली ती चपलांची. दहाला काचेचं दार उघडलं आणि सव्वादहाला दाराबाहेर चपलांचा हा एवढा ढीग! आता आपल्याकडं कापडाच्या दुकानात चपला घालून कोण चढतं? गादीवर बसायचं असतं. बायका आपल्या सवयीनं चपला काढून आत आल्या, गार फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि गादी कुठं आहे ते शोधायला लागल्या. गादी नव्हतीच. सगळे कपडे स्टँडला टांगलेले. आमच्या परदेशी मॅडम धावत बाहेर आल्या, ढिगाकडं बघितलं आणि घाबरून मॅनेजरला विचारलं, लोक असे बूट सोडून पळाले का? मॅनेजरनी अर्थ सांगितला तेव्हा मी मागंच उभी होते. पदर तोंडात धरून हसले.

मॅडम असतील तिशी-पस्तिशीच्या. दुकानाचा जम बसेपर्यंत वर्षभर राहायला आल्या होत्या. त्यांचं इंग्रजी आम्हाला कळायचं नाही, आमची मराठी त्यांना. मध्ये मॅनेजर. ते उदगीरचे, इंग्रजी फाडफाड. मॅडम बोलणार, मॅनेजर सांगणार, आम्ही माना डोलावणार, मग मॅनेजर परत त्यांना सांगणार. आमचं चार वाक्यांचं बोलणं तिकडं पोचेपर्यंत एका शब्दाचं व्हायचं. पण मी मान खाली घालून ऐकायची आणि रोज दोन-चार शब्द उचलायची.

मी मूळची लोह्याकडची. नांदेडला साड्यांच्या एका जुन्या दुकानात एकोणीस वर्षं घड्या मोडल्या आणि घातल्या. शेठ थकले, त्यांच्या मुलांना धंदा नको झाला, शटर पडलं. तोवर माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी हैदराबादला नोकरीला लागली होती. ह्या कंपनीला साडीतलं कळणारी बाई पाहिजे होती, म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पिशवी उचलली आणि लातुरात एका खोलीत येऊन पडले.

एकटं राहणं काय असतं ते मला तिथं कळलं. संध्याकाळी कुलूप उघडलं की ‘आलीस का’ म्हणायला कुणी नाही. सुट्टीच्या दिवशी मी भाजीवालीपाशी मेथीच्या जुडीसाठी उगाच भाव करत उभी राहायची. मेथी घ्यायची नसायचीच, तेवढंच बोलणं व्हायचं. ती बिचारी एक दिवस म्हणाली, “बाई, फुकट न्या, पन जावा आता.”

म्हणून दुपारचं जेवण माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. दुकानाच्या मागं स्टाफची खोली, तिथं एक लांब टेबल, आणि त्याच्याभोवती आम्ही पाच जणी. डबे उघडले की कुणाचा कुठला ते राहायचंच नाही. माझी कारळाची चटणी सगळ्यात आधी संपायची. त्यातली एक उदगीरवाली, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, तोंडाची फटकळ, पण जीव लावणारी. मी उशिरा आले तर भाकरीचा तुकडा धरून बसायची. “ताई आल्याबिगर घास उतरत न्हाई मला,” असं म्हणायची. एवढं तर माझ्या मुलीनंही कधी म्हटलं नाही. मी दिवसाचे बाकीचे तास त्या अर्ध्या तासासाठी काढत होते म्हणा ना.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही बौद्ध. आजोबांच्या वेळेपासून. आमची लग्नं विहारात होतात, पंचशील घेऊन, आणि नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत असतात. मीही पांढऱ्याच साडीत लग्न केलं, बोटभर जरीचा काठ होता तिला. लातुरात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, जेवायच्या टेबलावर नांदेडच्या दुकानाचं नावही काढलं नव्हतं. आडनाव असं की त्यावरून पत्ता लागत नाही. नांदेडच्या दुकानात पहिल्याच वर्षी बाकीच्या बायकांना कळलं होतं, आणि त्यानंतरची वर्षं मी माझा डबा गोदामात कापडाच्या ताग्यांमागं बसून खाल्ला. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं सरकून बसायचं. शेठ मात्र पक्के व्यापारी. पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा खालच्या फळीत ठेवायचे आणि आमच्या समाजाचं गिऱ्हाईक आलं की मलाच हाक मारायचे. पण जेवायला कधी कुणी हाक मारली नाही. म्हणून लातुरात मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

लग्नसराईच्या आधी मॅडमनी आम्हाला सगळ्यांना बसवलं. त्यांच्या मोठ्या ऑफिसातून एक पुस्तिका आली होती, गुळगुळीत कागदाची. इथल्या लग्नाला कुठला रंग चालतो, कुठला चालत नाही, सगळं चित्रांसकट. लाल शुभ, पिवळा शुभ, हिरवा शुभ. पांढऱ्यासमोर फुली. पांढरा म्हणजे दुःखाचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मॅडमनी एकेकीकडं बघत विचारलं, बरोबर आहे का?

मॅनेजरनी मान डोलावली. त्यांच्या गावात अशी पांढरी लग्नं त्यांनी दहा तरी जेवली असतील. उदगीरवालीनं डोलावली. माहीत सगळ्यांना होतं हो! मराठवाड्यात कुणाला माहीत नाही? पण जो बोलणार त्याच्याकडं सगळे बघणार, तुला कसं ठाऊक म्हणून. मॅडमची नजर माझ्यावर आली. साडीतलं मला जास्त कळतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून दोन क्षण थांबल्याही. मी मूग गिळले आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या, मोतिया, सायीच्या रंगाच्या सगळ्या साड्या खोक्यात भरून परत गेल्या. खोक्यांवर चिकटपट्टी मीच लावली.

पंधरा दिवसांनी चाकूरहून एक कुटुंब आलं. आई, बाप आणि लग्नाची मुलगी. आई सरळ माझ्याकडं चालत आली, चेहरा फुललेला.

“ताई, वळखलं का? माझ्या मोठीची साडी तुमीच दिली होती नांदेडात. तुमी हितं आलाव म्हून कळलं, म्हणलं धाकटीची बी तुमच्याच हातची घेऊ. आपल्या पद्धतीची दाखवा.”

आपल्या. तो शब्द मला एवढा गोड लागला आणि एवढी भीती वाटली! उदगीरवाली हातभर अंतरावर हँगर लावत होती. तिनं मान वळवली. “पांढरी पाहिजे का?” तिनं त्या बाईला वरून खालून बघितलं. “न्हाई, तसलं ठेवत न्हाई आमी हितं.”

बाईनं तिच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडंच बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मुलगी पण. तिच्या हातात मोठ्या बहिणीच्या लग्नाचा फोटो होता, मला दाखवायला आणलेला. आणि मी, माझं तोंड जळो, मी म्हणाले, “तुमची काही तरी चूक होतेय. मी नांदेडात कधी कामाला नव्हते.”

बाईनं मुलीच्या हातातल्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, “असंल. चेहरा तसाच वाटला.” मुलीनं फोटो पिशवीत ठेवला. बाप म्हणाला, चला. तिघं दाराकडं गेली. माझी लाज काढायला त्यांनी एक शब्दही वाया घालवला नाही, हे मला जास्त लागलं. त्या दुपारी उदगीरवालीनं माझ्या पानात धपाटं वाढलं आणि म्हणाली, “ताई, काय झालं, खाईना झालाव?” मी खाल्लं. चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर अजून आले नव्हते, ते बघूनच गेले. मोबाईलमध्ये माझ्या लग्नाचा फोटो होता, तो पुढं धरला. “मॅडम, मी. मॅरेज. व्हाइट.” त्यांनी फोटो मोठा करून बघितला. “हॅप्पी?” म्हणाल्या. म्हटलं, “यस मॅडम. व्हेरी हॅप्पी. मेनी पीपल. लातूर, नांदेड, मेनी.” असं तोडकंमोडकं जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं.

मॅडमनी कपाळावर एक आठी पाडली नाही. कोण लोक, कसले लोक, कधीपासून, काही नाही. फक्त किती साड्या लागतील, कसला काठ, किती दिवसांत, एवढंच. कागदावर लिहून घेतलं आणि उठून माझा हात हातात घेऊन हलवला. मला रडूच आलं. माझं नाव घेऊ नका, एवढं सांगायचं राहून गेलं. इंग्रजीत सुचलं नाही, का मलाच आता लपवायचा कंटाळा आला होता, कोण जाणे.

आठवड्यात माल आला. पांढऱ्या साड्या, जरीचे काठ, लग्नाच्या विभागात अगदी पुढं एक आख्खा स्टँड. आणि त्या सकाळी मॅडमनी सगळ्या स्टाफला गोल उभं केलं. त्यांच्याकडं रीतच तशी, ज्यानं चांगलं काम केलं त्याला चारचौघांत उभं करायचं. मला हाताला धरून मधे आणलं आणि बोलायला लागल्या. मॅनेजर एकेक वाक्य मराठीत सांगत होते, चेहरा कोरा ठेवून. “ह्या ताईंनी आपल्याला त्यांच्या समाजाच्या लग्नाची पद्धत सांगितली. त्यांचे आभार.” मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी उदगीरवालीकडं बघितलं. तीही वाजवत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती.

त्या दुपारी एकीचा उपवास निघाला. दुसरीला काउंटर सोडता येईना. तिसरीनं डबाच आणला नव्हता. उदगीरवाली आली, पाणी प्याली आणि “आज भूक न्हाई ताई” म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवड्यानंतर कुणी कारणं सांगायचंही सोडून दिलं. त्या चौघी एक वाजता बसायला लागल्या आणि माझी सुट्टी दोनला झाली. कुणी केली, विचारायला गेले नाही. मला ते ओळखीचं होतं.

मी एकदा उदगीरवालीला ट्रायल रूमपाशी गाठलं. संताप झाला होता माझा. म्हटलं, “का गं, माझ्या भाकरीला आता काटे फुटले का?”

ती इकडंतिकडं बघत म्हणाली, “तसं न्हाई ताई. तुमी आदी सांगायचं की.”

“आधी सांगितलं असतं तर बसली असतीस?”

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, “घरी सासूबाई हायत, ताई,” आणि ट्रायल रूममधले कपडे गोळा करायला लागली. तिचे डोळे भरले होते. माझेही. पण त्यानं काय होतंय?

पांढऱ्या साड्या मात्र भराभर गेल्या. लोह्याहून, नांदेडहून, धर्माबादहून माणसं आली. म्हाताऱ्या बायका स्टँडपाशी उभ्या राहून साड्यांवरून हात फिरवायच्या, एवढ्या मोठ्या दुकानात आपलं ठेवलंय म्हणायच्या. मी त्यांना एकेक साडी अंगावर लावून दाखवायची. चाकूरची ती बाई पुन्हा आली नाही. तिच्या मुलीचं लग्न झालं असेल. साडी कुठून घेतली असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

सराई संपली तेव्हा मॅडमची परत जायची वेळ झाली होती. शेवटच्या आठवड्यात त्या मॅनेजरला घेऊन माझ्याकडं आल्या. मी स्टँडवरच्या उरलेल्या साड्या नीट लावत होते. मॅडम खूश होत्या. हसत हसत त्यांनी मॅनेजरला काही विचारलं आणि मॅनेजर माझ्याकडं वळले.

“मॅडम विचारतायत, पुस्तिका दाखवली तेव्हाच तुम्ही का नाही बोललात? एवढं साधं तर होतं.”

मी मॅडमकडं बघितलं. भली बाई होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ठरवलं, आता लपवायचं नाही. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “साहेब, त्यांना सांगा, त्या दिवशी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं जेवायला कुणी बसलं नसतं. आता बोलले, तर बघा, कुणी बसत नाही. मी तीन महिने एकटी जेवते. सांगा त्यांना.”

मॅनेजरनी खाली बघितलं. स्टँडवरची एक साडी सरळच होती, ती त्यांनी उगाच सरळ केली. मग मॅडमकडं वळून म्हणाले, “शी फर्गॉट.”

मॅडम हसल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, “नो प्रॉब्लेम” म्हणाल्या आणि पुढच्या विभागाकडं गेल्या. मॅनेजर त्यांच्या मागं गेले. वर्षभरात मी एवढं इंग्रजी शिकले होते.