बिघडलं तर आणा

दुकानाच्या पाटीवर वेगळंच नाव होतं, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. मिक्सर बिघडला की लोक म्हणत, "गॅरंटीभाऊंकडे टाक." कंपनीच्या गॅरंटीला मुदत असते, अटी असतात, बारीक अक्षरं असतात. भाऊंच्या गॅरंटीला यातलं काहीच नव्हतं. वस्तू हातात देताना ते म्हणायचे, "गॅरंटी आहे. बिघडलं तर आणा, मी इथेच आहे." हा शब्द तोंडात इतका बसला होता की घरीही सुटायचा. "आज वीज जाणार नाही, गॅरंटी," असं ते म्हणाले की बायको मुकाट्याने मेणबत्ती शोधायला लागायची.

आता मुलीचे दिवस भरत आले होते. बायकोने कपाटावरची बॅग काढली आणि सांगून टाकलं, "दोन महिने तिच्याकडे. दोघांनीही जायचं."

"अगं, मी कसा येऊ? लोकांना गॅरंटी दिलीय."

"मिक्सरांना दिलीत. पोरीला काही दिलीत का?"

भाऊ सरळ दुकानात निघून गेले. तिथे बसून त्यांनी तोडगा काढला. ओळखीच्या घरांची दारं वाजवून ते विचारू लागले, "बरं चाललंय ना सगळं? काय बिघडायचं असेल ते या आठवड्यात बिघडू द्या. नंतर मी नाही."

शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "थांबा हं भाऊ, इस्त्रीला तसं कळवते." शाळेतल्या बाईंनी समोरच मिक्सर फिरवून दाखवला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी पंखा लावला, तर तोही गुमान फिरू लागला. भाऊ कान देऊन उभे.

"जरा घरघरतोय का?" त्यांनी आशेने विचारलं.

"छे, उलट आता झोप लागते."

संध्याकाळी भाऊ तोंड पाडून घरी आले. अख्ख्या गल्लीत काही म्हणून बिघडलं नव्हतं.

"एवढं चांगलं काम केलंत, आणि चेहरा असा?" बायकोने विचारलं.

"तिकडे मी करू काय? जावयाच्या घरात सगळं नवंकोरं. तुम्ही दोघी बाळात गुंतणार. मी सोफ्यावर बसून पाहुण्यासारखा चहा पिणार." मग हळूच पुटपुटले, "इथे निदान कुणी हाक तरी मारतं."

बायको उठली. फोन घेऊन ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने भाऊंचा फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, आमचं वॉशिंग मशीन फार आवाज करतंय."

भाऊ ताठ बसले. "कधी? पाणी भरताना की कपडे पिळताना?"

पलीकडे ती अडखळली. मग, "दोन्ही वेळा."

"खडखड की घूंघूं?"

"थोडं थोडं दोन्ही."

भाऊंनी गॅलरीकडे पाहिलं. दाराच्या काचेला बायकोचा कान चिकटला होता. असं मशीन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पोरीला धड खोटं बोलता येत नाही हे तर ती शाळेत असल्यापासून ठाऊक होतं.

"याल ना, बाबा? मला जरा भीती वाटतेय." हे मात्र ती न अडखळता म्हणाली.

"मशीनला कुणाला हात लावू देऊ नकोस," भाऊ म्हणाले. "येतो मी."

ते उठले आणि टेस्टर, पाने, स्क्रू-ड्रायव्हर बॅगेत भरू लागले. आत आलेल्या बायकोने आपले दोन स्वेटर बाहेर काढले आणि जागा करून दिली.