जानराव आणि निकालाच्या दिवशीचे पेढे

मेडशीचे जानराव डोक्याला काही बांधत नसत. जाणत्या वयाचा शेतकरी कोर्टात बोडका पाहून मी त्यांना शहाणपण शिकवायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मानापायी मानूस मारला, वकीलसाहेब. आता डोक्शाले काय बांधू?"

पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाची बैलजोडी जायची, यावरून भांडण पेटलं. जानरावांनी बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, उपसून शेजारच्या किसनच्या डोक्यात घातली. एकच घाव, पण किसन गेला. खटला खुनाचा लागला. तुरुंगात भेटायला येणाऱ्याला जानराव घरचं विचारत नसत. किसनच्या वावरात पेरणी झाली का, एवढंच विचारत.

अकोल्याच्या सेशन कोर्टात बाजू मांडली आमच्या थोरल्या वकिलांनी. मी पुस्तकं वाहिली, आणि तेवढ्यावर फुगलो. जीव घ्यायचा हेतू नव्हता, असं ठरून खुनाचं कलम गळालं. राहिला सदोष मनुष्यवध. शिक्षा जेवणाच्या सुट्टीनंतर. मी धावत जाऊन पेढे आणले आणि व्हरांड्यात दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटलो. भिंतीशी बसलेल्या एका बाईनं विचारलं, कायचे पेढे? मी ऐटीत म्हणालो, "आपला माणूस फाशीतून सुटला."

"माहा तं नाई सुटला, बाबू," ती म्हणाली आणि पेढा फरशीवर ठेवला. ती किसनची बायको होती. दोन पावलांवर, बेड्या घातलेले जानराव खाली मान घालून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

शिक्षेआधी आरोपीला विचारायचा नवा कायदा तेव्हा आला होता. काय सांगायचं ते मी जानरावांकडून घोकून घेतलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं. जानराव म्हणाले, "लेकरं लहान हायेत, साहेब." मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग त्यांनी मागच्या बाकाकडे बोट केलं. "तिचे."

 सात वर्षांची शिक्षा झाली.

जानराव पोलिसांच्या गाडीत चढत असताना मी अपिलाचं काढलं, तर नको म्हणाले. मग मी चाचरत सांगितलं, की त्या बाईच्या घरी जाऊन माफी मागून येतो. जानरावांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"जाऊ नोका. तुमचं हलकं होईन. तिचं नाई."

मी गेलो नाही.