सुईतून गेलं ते आणि चमच्यातून गेलं ते

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून पाहिली, मग जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाल्या, "इतके दिवस होतात कुठे?"

मी नंदिनीला होते. नंदिनीला भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चुनखडीच्या खाणी. माझे यजमान तिथल्या ऑफिसात क्लार्क. भिलाईची पहिली भट्टी पेटून तेव्हा फार काळ झाला नव्हता, आणि आमचा दगड सारखा तिकडे चाललेला असे. त्याची पांढरी धूळ सगळ्यांच्या अंगावर. तिथं कुणी पांढरंफटक दिसलं तर लोक म्हणत, तोंड धुऊन ये. मीही धूत असे. रंग काही बदलेना आणि मी मोरीतच चक्कर येऊन पडले, तेव्हा मला बसमध्ये घालून भिलाईच्या दवाखान्यात आणलं.

रक्त तपासल्यावर आजाराचं नाव कळलं, मेगॅलोब्लास्टिक ॲनिमिया. डॉक्टरीणबाई नागपूरच्या होत्या, त्यांनी मराठीत समजावून सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशी अंगानं मोठ्या होतात, पण संख्येनं थोड्या आणि कामाला कुचकामी. घरात दांडगे पाहुणे यावेत आणि एकानंही बादली उचलू नये, तसं. कारण असं की एक व्हिटॅमिन पोटात पुरेसं जात नाही. ते मांसात असतं, अंड्यात असतं, थोडंफार दुधात असतं.

"दूध घेता ना?" त्यांनी विचारलं.

घरात दूध येत होतं. ते मुलांना, यजमानांना आणि चहाला. मला काय हवं ते कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. वर धाकटी अंगावर पीत होती.

हे मी लिहिते आहे ते दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून. थकवा हा आजार असू शकतो, हे बाईमाणसाला पटायलाच वर्ष जातं. जीभ गुळगुळीत आणि लाल झाली, साधी भाजी झोंबायला लागली, तर मिरचीला दोष देऊ नका. पायांना मुंग्या येतात. माझ्या पायातली चप्पल निघून रस्त्यात राहिली आणि मी तशीच पुढं गेले, तेही मला मागून येणाऱ्या बाईनं सांगितलं. एवढं झालं तरी मी उन्हालाच नावं ठेवत होते.

उपाय होता लिव्हर एक्स्ट्रॅक्टच्या इंजेक्शनांचा. हे शब्द आम्हाला नवे. डॉक्टरीणबाईंनी लपवाछपवी केली नाही, त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. "जनावराच्या काळजापासून काढलेला अर्क आहे," त्या म्हणाल्या. "नुसत्या व्हिटॅमिनचं तांबडं इंजेक्शन निघालंय, त्यात काळीज नसतं. पण आपल्याकडे अजून ते येत नाही. आणि तुम्हाला थांबायला वेळ नाही."

आमचं घर महानुभाव पंथाचं. सासूबाईंनी लग्नाआधी उपदेश घेतलेला, मी लग्नानंतर घेतला. मद्य नाही, मांस नाही, अंड्याचं टरफलसुद्धा दारात नाही. माझ्या धाकट्या दिरांनी नागपूरला मित्राकडे अंडं खाल्लं आणि घरी येऊन सांगून टाकलं. तेव्हापासून त्यांचं ताट ओसरीत. सासूबाई प्रेमानं वाढत, वरून तूप घालत, पण ओसरीतच. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांना बंद झाला तो झालाच.

तर काळजाचा अर्क सुनेच्या अंगात जाणार की नाही, याचा निकाल माझ्या खाटेशी लागला. सासूबाईंना मी मामीजी म्हणत असे. त्या चुलीपासून उठून थेट बसनं आल्या होत्या, हातांचं पीठ पदराला तसंच. यजमानांनी सगळं सांगितलं. मामीजी म्हणाल्या, "सुई जिभेले लागते का? नाई लागत. जिभेले लागलं नाई ते खाल्लं नाई. देऊन टाका म्हना."

यजमानांचा जीव भांड्यात पडला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण नाही म्हणायला दम लागतो आणि तो माझ्यात नव्हता.

मग सुया सुरू झाल्या. औषध दिसायला चहाच्या पाण्यासारखं, पण आत गेलं की जाळ. जागेवर गाठी येत, त्या गाठींवर दुसरी सुई. वॉर्डातला दिवस संपता संपत नसे. बाया पंजाबच्या, आंध्रच्या, बंगालच्या, छत्तीसगडच्या. प्रत्येकीच्या डब्याचा वास वेगळा. दवाखान्याचं सूप मी परत करी, उकडलेलं अंडं परत करी, आणि यजमान नंदिनीहून फडक्यात बांधून आणत ती कोरडी पोळी चावत बसे. पलीकडच्या खाटेवरची सरदारीण एकदा म्हणाली, "बहनजी, सुई में सब चलता है, थाली में कुछ नहीं?" मला राग आला. पण तिचं बोलणं सलत राहिलं.

पण अंगात रक्त भरत होतं. जिभेची आग गेली. एके सकाळी भूक लागली, खरी भूक, आणि मला रडू आलं. ज्या गोष्टीचा विटाळ मानायचा तिनंच मला उठून बसवलं होतं. आनंद करावा की लाज वाटावी, ते समजेना. दोन्ही वाटत होतं.

घरी पाठवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुया आता बास. टोचायला जागाच उरली नाही. आता ही बाटली, रोज जेवणानंतर दोन चमचे. औषध तेच आहे, लिव्हरचं, फक्त पातळ. टिकण्यासाठी थोडं अल्कोहोलही आहे. बंद केलंत तर पुन्हा इथंच याल, आणि तेव्हा पाय सुधारतील याची खात्री मी देणार नाही."

मामीजींनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मास बी अन् दारू बी! दोनी एकाच बाटलीत!"

बाटली घरी आली आणि ओसरीच्या खिडकीत बसली. आत कुणी नेली नाही, बाहेर कुणी टाकली नाही. यजमान म्हणाले, "औषध समजून घे," आणि ड्युटीवर गेले. पुरुषांना ड्युटी असते हे किती बरं. मी येता-जाता बाटलीकडे बघत होते. बुचाशी हात जाई आणि परत येई. थोड्याच दिवसांत जिभेचं टोक पुन्हा चुरचुरायला लागलं. तळपायात मुंग्या आल्या. जमिनीवर पाय टेकल्याचं नीट कळेना, आणि कडेवर तर धाकटी असायची. तिला घेऊन पडले तर?

इथं थोडं थांबून सांगते. आता माझ्याही केसांत चांदी आली, आणि औषधांच्या दुकानात मी विचारते: या कॅप्सूलचं मऊ कवच कशाचं? ते बहुतेक जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात, जिलेटिन म्हणतात त्याला. या ताकदीच्या गोळीतलं तेल माशाचं का? दुकानदार वैतागतात. वैतागू देत. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठाऊक असून ठरवा, आणि पोट ज्याचं आहे त्याला आधी विचारा. माझ्या बाबतीत ते कुणी केलं नव्हतं, म्हणून मीच केलं.

दुपारची वेळ होती. मामीजी स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "मामीजी, सुईतून गेलं ते आणि चमच्यातून जाईल ते एकच आहे. जिभेची सबब मला पटत नाही. मी बाटली घेणार आहे. मला पोरांसाठी जगायचंय, माझ्यासाठीही जगायचंय. मात्र मग माझंही ताट ओसरीत ठेवा. चूल तुमची."

बोलताना मला धाप लागली. चूल त्यांची म्हटलं खरं, पण ते घर माझ्या हातांवर चालत होतं, आणि त्या चुलीपासून मला उठायचं नव्हतं.

त्या उठल्या. हात धुतले, माझ्या बाजूनं ओसरीत गेल्या, खिडकीतली बाटली घेतली. मला वाटलं, आता फेकणार. त्यांनी बूच काढलं, चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. उभ्या जन्माचा नेम. मी ओरडलेच, "मामीजी, हे काय!"

"काय होते? बुड्ढीले टानिक कामीच येईन," त्या म्हणाल्या. डोळे पाण्यानं भरले होते, ते कडूपणामुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. "आता मले कोन काय म्हनते? दोघीचीबी ताटं ओसरीत ठेवली तं सैपाक कोन करन?"

मग तोंड वाकडं करून, लहान पोरीसारखं हळूच विचारलं, "मास असंच लागते काय व?"

"मला कुठं ठाऊक," मी म्हटलं.

त्यांनी चमचा माझ्या हातात दिला. मी दोन चमचे घेतले. त्या गटागटा पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि चुलीपुढं जाऊन बसल्या.

"उभी कावून राहिली तिथं? ये आत. कनीक वाळून राहिली, पोया लाट."