शेवंताकाकींची सुरमई

मासा विकत घेण्याआधी शेवंताकाकी त्यालाच विचारत, "काय रे, खयचो तू?" लखनौच्या बाजारातला मासेवाला कपाळाला हात लावी. "अम्मा, खरीदना है कि रिश्ता तय करना है?"

"सुरमई बोलके किसको देता है? ये उसका चुलत भाऊ है!"

मानक नगरला त्या आमच्या शेजारी राहत. मूळच्या मालवणच्या. माहेरी बापाची होडी किनाऱ्याला लागली की जाळ्यातले मासे त्याच वेगळे करीत. मी वर्ध्याकडची, चौथी शिकलेली. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. तरी काकींनी मला ही विद्या दिली. बर्फात पट्टे-ठिपके पुसट झाले की अंगावरची रेघ बघायची. सुरमईची रेघ शेपटीकडे जाताना एकदम खाली उतरते. तिच्या भावकीची नुसती नागमोडी जाते. "मासो खोटा बोलणा नाय गो. बोलता तो इकणारो."

काका निवृत्त झाले की गावच्या बाजारात मासे विकायला बसायचे, एवढेच काकींच्या मनात होते. जागा होती तिथे मासे विकणाऱ्या नणंदेच्या शेजारी. पण नणंदेला वाटे, लखनौला राहून वहिनी मासे विसरली. ती भेटायला आली तीच बर्फाचा डबा घेऊन. डोकी कापलेले, रंग उडालेले दोन मासे तिने परातीत ठेवले.

"वयनी, हेतूर सुरमई खयची? वळाखल्यात तर जागा तुमची."

काकी वाकल्या. अलीकडे त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि ते त्यांनी नणंदेपासून लपवले होते. मासे सोडा, परात दिसली तरी पुष्कळ.

"इतक्या सोप्या गोष्टीक मी कित्याक?" त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "ह्या माझा चेडू सांगतला."

काकी हसत होत्या, पण पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. मी परात खिडकीशी नेली, मासे ओल्या फडक्याने पुसले. "डावी," म्हणाले. कोणालाच ऐकू गेले नाही. मग ओरडलेच, "डावी! रेघ उतरली!"

नणंदेने रेघेवरून बोट फिरवून पाहिले. "नदीचो रोहू खाणाऱ्या पोरीक इतका कळता, तर तुमका काय इचारूचा? येवा, बसा माझ्या बाजूक."

महिन्याभरात काका निवृत्त झाले आणि काकी गावी गेल्या. डोळ्यांचे ऑपरेशन आज करते, उद्या करते, असे चालले आहे. तोवर मासा संशयास्पद वाटला की त्या मला व्हिडिओ कॉल लावतात. मी गॅस बारीक करते, पदर सावरते आणि हळूच निकाल सांगते. तिकडे गिऱ्हाईक खोळंबलेले असते.

"जोरात बोल गो," काकी भर बाजारात ओरडतात, "लोकांका आयकाक येवदे!"