मामाच्या मांडीवरचं जावळ

तुरटी दिसली की निरगुडसरच्या अंगणातलं माझ्या लेकाचं जावळ आठवतं. तो माझ्या भावाच्या, म्हणजे मामाच्या मांडीवर होता आणि वस्तरा कानामागं जरासा लागला. "एवढंसं तर हाय, वहिनी," म्हणत न्हाव्यानं तुरटी दाबली. हळदही भरली, तरी मामाचं नवं धोतर लालच होत गेलं. भावाचं रक्तही लहानपणापासून असंच थांबत नसे. त्याच्या सुजलेल्या गुडघ्याला आम्ही खुळ्यासारखं वात म्हणायचो. भाऊ पांढराफटक पडला. "आक्के, जीप बोलीव. ह्याला माझंच दुखणं आलंय." पुण्यात डॉक्टर म्हणाले, रक्त न गोठण्याचं हे दुखणं आईकडून मुलाला येतं, आणि लेकीही ते पुढं नेऊ शकतात. आज माझ्या लेकीच्या मुलाचं जावळ आहे. मामा म्हणून तोच लेक पाटावर बसलाय, आणि न्हाव्याचा वस्तरा मी मघाशीच काढून घेतलाय. आता न्हाव्याच्या हातात फक्त कात्री आहे.